दिवाळीतली जांभळं

अंबरनाथ,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय मिलिंद,

सप्रेम जय भीम. आईचा गुडघा आता बरा आहे, काठी घेऊन गॅलरीपर्यंत जाते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र शलाकाच्या हाती देते आहे. तिच्यावर चिडू नकोस. बायको आहे तुझी, टपालवाली नाही, हे तिनेच मला सुनावलंय.

"जीभ दाखव." आई आपल्या धाकट्या बहिणीला, चिमीला एवढंच म्हणाली होती. तू सहा वर्षांचा होतास, तुला आठवत नसेल. चामटोलीची जांभळं द्रोणांत भरून आई बदलापूर स्टेशनबाहेर विकायला बसायची. विकायच्या जांभळांना आपण हात लावायचा नाही, असा नियम होता. त्या दिवशी टोपली हलकी लागली. चिमीचे ओठ निळे, जीभही निळी. आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. चिमी रडली नाही. धापा टाकत उकिडवी बसली.

"आता नाटकं नकोत," आई म्हणाली.

तुझ्या राजसीला तुला न विचारता दवाखान्यात नेलं, याचा तुला राग आला. बरोबर आहे. फ्रॉक घ्यायला उल्हासनगरला जातो, असं मी खोटं सांगितलं. पण त्याच्या आदल्या दिवशी माझा जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर उकिडवी बसली होती.

"काय गं, दमलीस?"

"असं बसलं की बरं वाटतं, आत्या. पप्पा म्हणतात, मी आळशी नंबर वन."

हसली, तेव्हा ओठ पाहिले. दिवाळीत जांभळं कुठून येणार, मिलिंद?

दवाखान्यात डॉक्टर जिज्ञासांनी तिच्या बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर. "ये ऐसे कब से बैठती है?" त्यांनी विचारलं. मग सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी केली आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे, आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. उकिडवं बसलं की तिकडे जरा जास्त रक्त जातं. ही मुलं ते कुणी न शिकवता शिकतात. ऑपरेशनमध्ये भोक बुजवतात, वाट मोकळी करतात. पुढे जन्मभर तपासण्या, पण शाळा, पळणं, सगळं जमेल. धोका आहे, तो त्यांनी लपवला नाही. थांबण्यात जास्त आहे, म्हणाल्या. तोवर एकदम निळी पडली, तर तिचे गुडघे तिच्याच छातीशी दुमडून तिला शांत धर आणि लगेच दवाखाना गाठ.

"खेळत्या पोरीची छाती कशाला फाडायची," असं तू म्हणालास. तुला भीती कशाची आहे, ते मला कळतं. चिमीला दवाखान्यात आत नेलं, तेव्हा तू माझ्या फ्रॉकचं टोक धरून बाहेर उभा होतास. ती परत आली नाही.

आता जे पस्तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही, ते लिहिते. ती जांभळं मी खाल्ली होती. विहिरीवर जाऊन मिठाने दात घासले, जीभ घासली. चिमीचे दात पांढरेशुभ्र होते. ते माझ्याशिवाय कुणी पाहिले नाहीत. त्याआधीही ती काळीनिळी पडायची, पण सावळ्या मुलीला कोण निरखतं? मी खरं बोलले असते, तर आईने विचारलं असतं, मग हिची जीभ निळी कशी? मी गप्प राहिले. त्यानंतर ओठ निळे दिसले की आई म्हणायची, "आली खाऊन." हंगाम संपायच्या आत चिमी गेली. आईला हे अजून माहीत नाही.

शनिवारी दहा वाजता ऑपरेशनची तारीख ठरवायला मुंबईच्या हॉस्पिटलात बोलावलंय. बापाची सही लागेल. तू नाही म्हणशील, आणि हे वाचल्यावर तर माझं तोंडही बघणार नाहीस. तरी मागते. राजसीला घेऊन ये. तिला आत नेतील तेव्हा मला तुझ्याजवळ उभं राहू दे. या वेळी तुझ्या शर्टाचं टोक मी धरीन.

तुझी आणि चिमीची,
यशोधराताई