मातुपितला कोणी राहत नाही

सिकुत,
३ मार्च १९९६

तीर्थस्वरूप तोपिरितमामांस,
कृ. सा. न. वि. वि.

इथे सगळी बरी आहेत. माती लाल, पाणी लांब, मासा फक्त डब्यातला. माझा छोटा अपेलिस विचारतो, समुद्र कुठे गेला.

डोंगर फुटून दीड वर्ष झालं, आम्ही अजून ताडपत्रीखाली. पक्क्या घराचा पट्टा मिळायला कचेरीला कागद हवा: आमचं मातुपित बेटावरचं घर राखेत गाडलं गेलं, तिथे आता कोणी राहत नाही. सोबत गावाचा चार ओळी इतिहास आणि घराण्यातल्या वडीलधाऱ्याची सही. वडीलधारे तुम्हीच उरलात. आणि तिथे राहताही तुम्हीच. कोरा कागद जोडला आहे. लोभ पातळ होऊ देऊ नका.

तुमची भाची,
रोदा


मातुपित,
१२ मार्च

चि. रोदास, आशीर्वाद.

इतिहास घे लिहून. जर्मन आले, बंदराच्या खोल पाण्यावर भाळले. माझ्या आजोबांनी डोंगरातून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाला, म्हातारा घाबरट आहे, आणि शहर बांधलं. सदतीस साली डोंगर फुटला, माणसं मेली. ऑस्ट्रेलियन साहेब शहर हलवू म्हणाले आणि राख झाडून तिथेच बसले. जपान्यांनी भुयारं खणली, आमच्या हातांनी. आता पुन्हा राख. मूर्ख मात्र दर वेळी आम्हीच, कारण आम्ही डोंगराशेजारी राहतो.

मी रोज छप्पर झाडतो. डोंगराच्या पायथ्याशी गरम वाळूत खांद्यापर्यंत हात घालून रानकोंबडीने पुरलेली अंडी काढतो. ही घराची जागा तुझ्या आईची, म्हणून तुझी, पुढे तुझ्या लेकींची. ती पुसायला मामाची सही मागतेस? शाळेत हेच शिकलीस का?

सही देणार नाही. रागावलीस तरी माया ठेव.

तोपिरित


सिकुत,
१९ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न.

तुम्ही झाडता ती राख अपेलिसच्या छातीतही आहे. दवाखान्यात सांगितलं, पोर ओलीत ठेवू नका. मुदत महिनाअखेर. जागा तुमची असती तर हट्ट शोभला असता. ती माझी आहे. मी ती सोडते आहे.

रोदा


मातुपित,
२५ मार्च

चि. रोदास,

सही केली आहे. पाद्रीबाबा तिकडे निघालेत, त्यांच्याकडे कागद देतो. कागद वाचून ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी म्हटलं, बघा, पण कोणाला सांगू नका.

इतिहास लिहिला नाही. चार ओळींची जागा होती, तिथे फक्त डोंगर फुटल्याचं साल घातलं.

पोराला जप. यापुढे पत्र घालू नकोस. पाकिटावर माझं नाव आणि मातुपितचा पत्ता कचेरीत कोणी वाचला तर तुझं नवं घर जाईल.

मामा