अर्ध्या गोंदणाचे फोटो

इओआनेदादा,

अळू नारळाच्या दुधात शिजवून ठेवलंय, आईला वाढ.

कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं गोंदण पुरं झाल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही, असं तूच मला बजावलं होतंस ना? आणि चटईवर पडून मी ढसाढसा रडतोय, ते फोटो तूच ऑकलंडच्या अख्ख्या गोतावळ्याला ईमेल केलेस! मावशीनं मलाच लिहिलंय, "बाळा, झेपत नसेल तर सोड." अर्धवट सोडणाऱ्याला आपल्यात जन्मभर तोंड लपवावं लागतं, हे काय तुला सांगायला हवं?

आज पुढचं गोंदण करून घ्यायला अपियाला मी एकटाच जातोय. माझं डोकं धरायला येऊ नकोस. परवा गोंदताना डोळे मिटून पडलो होतो, तेव्हा मला वाटलं, तुझे दोन्ही हात माझ्या डोक्याखाली आहेत.

तालो