पाकळी पावणेबाराला पडली

बाबा,

रोह्याच्या कंपनीतला इंटरव्ह्यू हुकला. कासूला ताईकडे जेवून आला असाल तर बरं. रिकाम्या पोटी हे वाचू नका.

साडेनऊला इस्त्रीची पँट घालून निघालो, तर देवळाच्या पायरीवर चंद्रावती काकी. उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, डॉक्टरांनी तारीखही दिलेली. पण काकी म्हणाली, "देवीला इचार रे, तिची सही नाय झाली." दोन मिनिटांचं काम म्हणून कौल लावला. मूर्तीवरची उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकही पडेना. कौल लावल्यावर गुरवाने उठायचं नाय, हे तुम्हीच शिकवलेलं. दहाची एसटी गेली, अकराचा इंटरव्ह्यू गेला, पाकळ्या जागच्या जागी.

कंपनीला फोन केला. त्यांच्याकडे आजारपण, अपघात आणि मयत एवढीच कारणं चालतात. देवी विचार करतेय, हे कशातच बसेना.

पावणेबाराला उजवी पडली. काकीला पेणला दवाखान्यात पोचवून येतो. गुडघ्याला तेल लावा. संध्याकाळची पूजा मीच करीन, देवळाकडे फिरकू नका.

"गुरवकी सोड, कंपनी धर," असं तुम्ही वर्षभर सांगताय. सोडणारच होतो. आज एक फुंकर मारली असती तरी पाकळी पडली असती, आणि काकीला काय, दिसतच नाही. पण चाळीस वर्षांत तुम्ही कधी मारली नाहीत. मलाही मारवली नाही. दमलोय, तरी तुमचे आभार मानतो. बसण्याआधी मी पंखासुद्धा बंद केला होता, बाबा.

हरेश