गोलकीपरच्या अंगावर

चऱ्होली, १५ जानेवारी २०२६

ती. ज्योतीराम मामांस,
गोरक्षचा शि. सा. न.

पत्र चार दिवस टाळलं. दोनदा लिहून फाडलं. पोलीस माग काढतील म्हणून मोबाईल बंद ठेवलाय, हे पत्र मित्राच्या, ओमच्या हाती पाठवतोय. त्याच्याच खोलीवर लपलोय. इथं इतक्या बिल्डिंगी उठल्यात मामा, की ओमची कुठली तेच सापडंना... असो.

मामा, तुमच्या वेळचा फॉरवर्ड गोलपाशी उभा राहायचा, बॉल आला की हाणायचा. आता तसं न्हाई. आता समोरच्या गोलकीपरकडं बॉल गेला की हल्ला तिथंच सुरू. फॉरवर्डनं सुसाट जायचं, त्याला गडबडवायचं, बॉल हिसकायचा. मी हे मोबाईलवर बघून बघून शिकलो. पण आपल्या चाकणच्या कंपन्यांच्या सामन्यात कीपरच्या अंगावर कोणी जात न्हाई. सोमवारी त्यालाबी कामावर, शिफ्टला जायचं असतं. ते मी विसरलो. रविवारी धावत गेलो, समोरचा कीपर बंटी बॉलवर झेपावला आणि माझा गुडघा त्याच्या डोक्यात बसला. तो हललाच न्हाई. मी जो पळालो तो इथं. जिन्यात पाय वाजला तरी दिवा बंद करतो. तो जगंल ना?

रागवा, पण माया कमी करू नका.

तुमचा,
गोरक्ष

सांगवी, १७ जानेवारी

चि. गोरक्ष यास अनेक आशीर्वाद.

आजवर तू चार कंपन्यांतली नोकरी सोडलीस, तीही अशीच न सांगता. काल पिंपरीला दवाखान्यात जाऊन आलो. बंटीनं डोळे उघडलेत, पण कोणाशी बोलत नाही. त्याची आई, कुसुमताई, उशाशी बसून आहे. तिनं विचारलं, तुम्ही कोणाकडचे. मी तसाच मागं फिरलो. मीही भ्यालोय रे. हल्ला नवा करा नाहीतर जुना, माणूस पडला की आम्ही थांबायचो. त्याला भेटून ये.

जेवतोस का, असं मामी विचारते.

तुझा,
मामा

चऱ्होली, २० जानेवारी

ती. मामांस शि. सा. न.

आज जायचंच म्हणून सकाळीच बूट घातले, काढले, परत घातले. मधेच गॅलरीतून क्रेन बघत बसलो. तुम्हाला तेच लिहीत होतो, तेवढ्यात ओमनं दार ढकललं. मागं बंटी! कालच दवाखान्यातून सोडलंय म्हणे. डोक्याला पट्टी, कुसुमताईंचा हात धरून, जिन्यानं धापा टाकत. शिवी न्हाई, काही न्हाई. म्हणतो, भावा, बॉलवर झेपावलो, त्याच्या पुढचं मला काहीच आठवंना, तेवढं सांग, गोल झाला का?

तो उत्तराची वाट बघत उभा हाय आणि मी कागदात तोंड घालून बसलोय. मामा, बॉल कुठं गेला ते मी पाहिलंच न्हाई.

गोरक्ष