एकादशीच्या विमानानं दिल्लीला

चि. हयवदना,

मठातून आल्यावर मला शोधत फिरू नकोस. मी दिल्लीला चालले आहे, तुझ्या विमलक्काकडे. तिकीट तिनंच पाठवलंय. शेजारचे प्रतापराव मोटारीनं विमानतळावर सोडताहेत.

सात वर्षं तू एकच सांगत आलास, अम्मा, दिल्ली फार लांब. आगगाडीत दोन रात्री जातात, तुला बाहेरचं पाणीसुद्धा चालत नाही, वाटेतच घेरी येऊन पडशील. म्हणून परवा मी स्वतः विमानाच्या कचेरीत जाऊन विचारलं. अकराशे मैल, आणि वाटेत एकदा उतरूनही सगळे मिळून सहाच तास! आज एकादशी. घरी तरी मी पाण्याला कुठं शिवणार होते? इथं बसून करायचा उपास आकाशात बसून करीन. स्वल्प भीती वाटते, पण संध्याकाळी मी विमलाच्या दारात असेन. तुझी आगगाडी तोवर गुंतकलच्या पुढं गेली नसती.

तुझी बायको वसुमती माहेरून, आनेकलहून संध्याकाळच्या बसनं येईल. तिला सगळं ठाऊक आहे, तिच्यावर ओरडू नकोस. उद्याच्या पारण्याच्या भाजीला अगसेची, हादग्याची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलीत.

जावई परजातीचे म्हणून तू अक्काच्या घरचं पाणी पीत नाहीस, हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. उद्या द्वादशीला मी उपास सोडीन तो विमलाच्या हातच्या भातानं. जावयांचं पान माझ्या शेजारी मांडायला कळवलंय.

अम्मा