पावणेतीन वार

बूढापारा, रायपूर
फाल्गुन वद्य पंचमी

प्रिय मंदाताईस शरूचा नमस्कार.

इकडे सर्व कुशल. तिकडचं तू कळवत नाहीस, पण माझा फोन पुरता वाजू देऊन मग ज्या ठसक्यात कापतेस त्यावरून तुझी प्रकृती उत्तम असावी असं अनुमान करतो. जबलपूरची थंडी ओसरली असेल. इथे दुपारी पंखा लागतो. पूर्णिमानं तुझ्यासाठी कोहळ्याची रखिया बडी घालून ठेवली आहे. माझ्यासाठी नाही तर भावजयीसाठी तरी ये.

नाना पौषात गेले, फाल्गुन सरत आला, अस्थी अजून राजिमच्या संगमावर का पोचल्या नाहीत, हा तुझा प्रश्न रास्त आहे. "पोट्टा संस्कृत शिकला अन् बापाले कुलपात ठेवलं," असं तू पूर्णिमाला म्हणालीस. वाक्य चांगलं आहे. कुलूपही खरं आहे.

इस्पितळाची परवानगी नाही, असं मी तुला सांगत आलो. मुळापासून सांगतो.

नानांना शेवटचं इंजेक्शन दिलं ते किरणोत्सर्गी होतं. ल्युटेशियम त्याचं नाव. कर्करोग हाडात जिथे घर करतो तिथेच हे जाऊन बसतं आणि तिथून किरण सोडतं. सहाव्या दिवशी सकाळी नाना गेले. इंजेक्शननंतर घरी सोडताना इस्पितळानं एक कार्ड दिलं होतं, की काही बरंवाईट झालं तर आधी आम्हाला कळवा. रडारडीत ते कुणाच्या लक्षात राहिलं? महादेव घाटावर अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आलो, आणि मग कार्ड आठवलं.

फोन केल्यावर इस्पितळातून रुचिता मेश्राम नावाची मुलगी आली. किरणांच्या सुरक्षेचं काम तीच बघते. तिच्या हातात मोजायचं यंत्र होतं. बैठकीत ते मधूनच एकदा पालीसारखं चुकचुकलं, तर पूर्णिमानं सवयीनं जमिनीला बोट लावून "कृष्ण, कृष्ण" म्हटलं. मग रुचितानं यंत्र कलशाजवळ नेलं. ताई, तेलात मोहरी पडावी तसं ते तडतडायला लागलं.

"अगं बाई," पूर्णिमा मागे सरली. "नाना बोलून राहिले."

"नाना नाही जी काकू, औषध आहे. जळत नाही ते." आणि मला म्हणाली, "काका, घाबरून काहून राहिले? दर साडेसहा दिवसांनी अर्धं होत जाते. तोवर लोखंडी पेटीत ठेवा, कुलूप लावा. नदीत इतक्यात नाही सोडायचं."

मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत पेटी ठेवली. आणि तुझ्या भावानं आयुष्यातलं पहिलं शास्त्रीय उपकरण विकत घेतलं, तसलंच एक छोटं यंत्र. विद्यार्थ्यांना कळलं तर हसतील.

संध्याकाळी मी त्या खोलीच्या दाराशी बसू लागलो. संध्या करायची ती वेळ. यंत्र सुरू केलं की आतून तडतड यायची. मी कॉलेजातल्या गोष्टी सांगायचो, पंडरीच्या कापडबाजारात आपल्या दुकानाच्या जागी आता मोबाइलवाला बसतो ते सांगायचो. तडतड मंद होत गेली तसा मी आत सरकत गेलो. माघात पेटी उघडून कलशावर हात ठेवून बसायला लागलो.

जिवंतपणी एवढा जवळ बसत होतास का, असं तू विचारशील. तूच विचारशील.

नाही.

कार्डावर लिहिलं होतं, शक्यतो दोन मीटर अंतर ठेवावं. मी ते सोवळं म्हणून पाळलं. शिवलं की बाटलं, त्यात कमीजास्त कसलं? पूर्णिमा त्यांना भरवत होती, कूस वळवत होती. मी तिला कार्ड वाचून दाखवलं तर म्हणाली, "मले नाही समजत तुमची पोथी." मी दारात खुर्ची टाकून बसायचो. नानांनी पलंगावरून एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं. जन्मभर कापड मोजलेला माणूस. म्हणाले, "पावणेतीन वार. शरू, इतकं दूर तर मी उधारीच्या गिऱ्हाइकालेही नाही बसवलं." मी हसलो. त्यांचा हात चादरीबाहेर होता. तो तसाच राहिला.

माघात रुचिता पुन्हा मोजायला आली तेव्हा हे मी तिला बोललो. तिनं मोबाइलवर हिशेब केला. "रोज तासभर हात धरून बसले असते, तरी सगळे किरण मिळून, काका, ही माती, ह्या भिंती अन् वरचं आभाळ आपल्याले महिन्याभरात देते तितकेच. एका सीटी स्कॅनमध्ये त्याच्या कितीतरी पट असते. अंतर लिहिलं ते लहान लेकरासाठी, गरोदर बाईसाठी, अन् रात्रभर एका गादीवर झोपू नये म्हणून."

"आणि पूर्णिमा?"

"काकूंले काय होते? धोका शून्य कोणाचाच नसते, पण तो किती, ते पाहायचं असते. तुम्ही सोवळं समजले. हे तर माप आहे."

कापडवाल्याच्या मुलाला हे दुसऱ्यानं सांगावं लागलं.

त्याच दिवशी ती म्हणाली, "आता नदीत सोडा, काही हरकत नाही." म्हणजे परवानगी माघातच मिळाली, ताई. तुला मी खोटं सांगत होतो. पेटीतून अजून थोडं ऐकू येत होतं.

परवा संध्याकाळी खोलीत बराच वेळ बसलो. अंधार होता, पेटीवर हात होता. टिक. मग खूप वेळानं टिक. मी म्हटलं, नाना, चुकलं. टिक. मी म्हटलं, तेव्हा उठायला हवं होतं. लगेच टिक, टिक. पूर्णिमा कंदील घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली.

"अहो, कोणाशी बोलून राहिले? कलश तर मी सकाळीच चाफ्याले बांधला. खोली झाडायची होती."

पेटी उघडून पाहिली. रिकामी होती. यंत्र चालूच होतं.

रुचिताला फोन केला. ती म्हणाली, "ते तर भिंतीचं आहे काका. तुमच्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. आता नानांचं कोणतं अन् भिंतीचं कोणतं, मलेही नाही सांगता येणार."

तेव्हापासून मी यंत्र घेऊन घरभर फिरतो. देवघरात टिक. तुझ्या लग्नातल्या कपाटापाशी टिक. त्यांच्या पलंगापाशी, माझ्या त्या खुर्चीपाशीही, सगळीकडे सारखंच. गेले म्हणायची सोय राहिली नाही, आणि आहेत म्हणावं तर कुठे?

अमावास्येला राजिमला जाऊ. तू ये. गाडीत कलश मी मांडीवर घेईन, तू शेजारी बस, वाटल्यास रस्ताभर बोल मला, ऐकेन. यंत्र घरीच ठेवतो. हे लिहिताना ते टेबलावर आहे, आणि मी काही विचारलेलं नाही तरी त्यानं आत्ताच एकदा उत्तर दिलं.

फोन उचल.

खुर्ची सोडून उशिरा उठलेला,
तुझा शरू