पंचेचाळीसच्या जागी अठ्ठावन्न

रविवार, ८ फेब्रुवारी. कांदिवली.

अठ्ठावन्न. डोक्यातून जातच नाही. कागदावर पंचेचाळीस लिहिलं होतं. माझ्या नवऱ्यानेच, संदेशने. बाहेरचं पिणं बंद, घरी हलकी बियर करीन, रविवारी एकच ग्लास, असा शब्द दिला म्हणून मी हो म्हटलं.

आज मॅच बघता बघता त्याने बियरसाठी उकळत ठेवलेलं जवाचं पाणी जास्त आटवलं. मग त्यात काचेची नळी तरंगवून गोडी मोजली, तर अठ्ठावन्न. गोडी जास्त म्हणजे चढणार जास्त. चूक होते, त्याचा राग नाही. पण आकडा बघून त्याचा चेहरा केवढा फुलला. माझ्या प्रमोशनला तरी फुलला होता का?

"पाणी घालून हलकी नाही होत का रे?" मी विचारलं.

"होते ना. दोन लिटर घातलं की पंचेचाळीस."

उकळून गार केलेलं पाणी शेजारीच होतं, मीच सकाळी ठेवलेलं. त्याने त्याला हातही लावला नाही. यीस्ट टाकलं, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाला, "अठ्ठावन्न, यार. झकास."

पाणी अजून तसंच आहे. उद्या त्यातच डाळ शिजवीन.